जळणाचा हिशेब

(पणदरे, ता. बारामती येथील बैठकीत केलेले भाषण)



दिवाळी आली की आपल्या घरात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शाळवाला थंडी चांगली म्हणून आपण खूश होतो, आणि त्याच थंडीमुळे घरात पहाटेच बंब नाहीतर न्हाणीची चूल पेटते. तेव्हापासून शिमग्यापर्यंत जळणाचा खर्च वाढतो. कापसाच्या भावावर, ज्वारीच्या भावावर आपण खूप बोललो. आज जळणावर बोलायचे आहे. विषय बायकांचा आहे असे समजून कुणी तंबाखू मळायला बाहेर जाऊ नये. हा विषय उत्पादन खर्चाचा आहे.

पणदऱ्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. इथे उसाचे पाचट आहे, गुऱ्हाळाला चिपाड आहे. पण इथून सुप्याकडे, मोरगावकडे, लोणी भापकरकडे गेले की पाणी संपते. इंदापूर तालुक्यातही जिथे कालवा नाही तिथे तेच. त्या जिरायती गावांत जळण म्हणजे वेडी बाभूळ, हिवर, धसकटे, तुराट्या आणि गोवऱ्या. आजच्या सभेला बाहेरून आलेल्या कापूसवाल्यांच्या घरी पऱ्हाटी. हे सगळे फुकट मिळते असे आपण मानतो. ते खरेच फुकट आहे का, ते पाहू.

गॅसच्या घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असतो. एका किलोत सुमारे 11,000 किलोकॅलरी उष्णता आहे आणि शेगडीवर त्यातली साठ टक्के तरी भांड्याला लागते. वाळलेल्या लाकडाच्या किलोत साधारण 4,000 किलोकॅलरी उष्णता आहे, पण तीन दगडांच्या चुलीवर त्यातली दहा ते पंधरा टक्केच भांड्याला पोचते. बाकीची भिंतीला, वाऱ्याला आणि डोळ्यांना. गुणाकार करून पाहा. एका टाकीचे काम करायला जवळजवळ 200 किलो वाळके लाकूड लागते. वीस किलोची एक मोळी धरली तर दहा मोळ्या. एका मोळीला जाऊन, तोडून, बांधून, डोक्यावर घेऊन यायला तीन तास धरले तर तीस तास, म्हणजे जवळजवळ चार रोज. रोज 300 रुपये धरला तर 1,200 रुपये होतात. तुमच्या गावचा दर वेगळा असेल तर तो लावा. या महिन्याचा टाकीचा दर शेजारी लिहा आणि स्वस्त काय ते तुम्हीच ठरवा.

मग लोक लाकूड का जाळतात? कारण टाकीला रोख पैसा लागतो, आणि मोळीला बाईचा दिवस लागतो. आपल्या घरात रोख नसते, बाईचा दिवस असतो. 2016 च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना निघाली. तिची आठ कोटीवी जोडणी 2019 च्या सप्टेंबरात आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला दिली गेली. जोडणी मिळाली, चूल मात्र गेली नाही. पाहुणे आले, पाऊस लागला की गॅस, बाकी दिवस चूल, असे किती घरांत चालते ते इथल्या मायबहिणींना विचारा. शेतमालाला भाव नाही तिथे टाकी भरायची कशातून?

आता सरकारचा हिशेब पाहा. पिकाचा क्विंटलमागचा उत्पादन खर्च काढताना दुय्यम मालाची, म्हणजे कडब्याची आणि पऱ्हाटीची किंमत धरतात. एकूण खर्चाचा काही वाटा त्या मालावर टाकतात आणि तेवढा दाण्यावरचा, कापसावरचा खर्च कमी होतो. म्हणजे पऱ्हाटी ही आपली मिळकत म्हणून मोजली जाते. पण ती उपटून, मोळी बांधून, घरी आणून, फोडून, चुलीत घालणाऱ्या बाईचे तास कुठल्याच रकान्यात येत नाहीत. 1986 साली चांदवडला शेतकरी बायका हजारोंनी जमल्या आणि घरातल्या, शेतातल्या बाईच्या कामाची किंमत हा विषय चव्हाट्यावर आला. त्याला आता अनेक वर्षे झाली. जळणाचा रकाना अजून कोराच आहे.

हे झाले भांडणाचे. पण थंडी भांडण मिटेपर्यंत थांबत नाही. यंदा काय जाळायचे आणि कसे, तेही बोलू.

पहिली गोष्ट, ओले जाळू नका. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. म्हणजे वीस किलोच्या ओल्या मोळीत बाई दहा किलो पाणी डोक्यावर आणते. त्या पाण्याची वाफ करायला जाळ खर्ची पडतो, जाळ थंड राहतो आणि लाकूड पुरते जळत नाही. न जळलेले लाकूड म्हणजेच धूर. दिवाळीला लागणारे लाकूड आधीच्या माघ-फाल्गुनात तोडावे, मनगटाएवढे फोडावे, खाली दगड घालून हवा खेळेल असे रचावे. उन्हाळाभर ते वाळते. पावसाळ्यात वरून झाकावे, बाजू उघड्या ठेवाव्यात. वाळले की नाही ते ओळखणे सोपे आहे. टोकाला चिरा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर मारले तर खणखणीत वाजतात. बद आवाज आला तर आत पाणी आहे.

दुसरी गोष्ट, लाकडाची जात. गावरान बाभूळ, हिवर, बोर, खैर ही जड लाकडे. उशिरा पेट घेतात, पण निखारा टिकतो. भाकरीला आणि बंबाला हीच चांगली. वेडी बाभूळही तशीच, ओली असताना धुरकट, वाळली की कडक जाळ देते. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. 1877 च्या सुमारास ते हिंदुस्थानात आणले गेले आणि नंतर पडीक रानातून आपोआप पसरले. बांध खाणारे, पाय फाडणारे हे झाड जळण म्हणून मात्र उपयोगी आहे. तेव्हा जळणाची पहिली कुऱ्हाड त्याच्यावर चालवा. खोडासकट, मुळाच्या मानेखालून काढा, नाहीतर एकाचे चार फुटतात. बांधावरची गावरान बाभूळ राखा. तिच्या शेंगा शेळीला आणि लाकूड औताला.

शेवगा, पांगारा, सावर हलकी, भुरकन जळून जातात. पेटवणापुरती ठीक. धसकटे आणि तुराट्याही तशाच, चटकन जाळ आणि चटकन राख. गोवरी मंद चालते, पण गोवरी जाळली की शेणातले नत्र धुराबरोबर जाते. जिरायती रान आधीच उपाशी आहे. लाकूड असेल तिथे शेण उकिरड्यातच जाऊ द्या.

काही वस्तू चुलीत घालूच नयेत. कण्हेराचा धूर विषारी. शेराचा चीक आणि धूर डोळ्याला घातक. ठिबकच्या तुटक्या नळ्या, खताची पोती, औषधाचे डबे, रंग दिलेली फळी, टायर यांच्या धुरात जे विष असते ते भाकरीवर बसते आणि राखेतही उरते. अशी राख परसात टाकू नका, भांड्यालाही लावू नका.

तिसरी गोष्ट कापूसवाल्यांसाठी, आणि ती नीट ऐका. 2017 साली शेंदरी बोंडअळीने काय केले ते आपण पाहिले. ही अळी न उमललेल्या, किडक्या बोंडांत सुप्त बसते. पऱ्हाटीचा ढीग शेताच्या कडेला, गोठ्याला टेकवून पाऊस पडेपर्यंत राहिला, की त्यातून पतंग निघतात आणि नव्या कापसावर जातात. म्हणजे जळणाच्या नावाखाली आपणच किडीचे बियाणे साठवतो. पऱ्हाटी जाळायला हरकत नाही, जळण चांगले आहे. पण फरदड न ठेवता वेळेवर उपटा. उपटल्यावर राहिलेली बोंडे आणि कैऱ्या झोडून आधी नष्ट करा. मोळ्या शेतात न ठेवता घरी आणा आणि सगळ्यात आधी त्याच संपवा. मृगाच्या आत पऱ्हाटीची काडी शिल्लक राहता कामा नये. बाभूळ पुढच्या वर्षीही चालते, पऱ्हाटी नाही.

चौथी गोष्ट न्हाणीची. दोन बादल्या, म्हणजे तीस लिटर पाणी वीस अंशांवरून पन्नासवर न्यायला 900 किलोकॅलरी लागतात. उघड्या चुलीवर त्याला दोन किलो लाकूड जाते. चार महिन्यांचे 240 किलो, बारा मोळ्या, नुसत्या अंघोळीला. बंबात जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते, म्हणून त्याला कमी लागते. मोडीत घालायला काढलेला बंब असेल तर झाळून घ्या. झाकण ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी काळ्या पिंपात पाणी दिवसभर उन्हात ठेवून संध्याकाळी अंघोळ करावी. आपल्याकडे ऊन भरपूर आहे आणि त्याला अजून लेव्ही नाही.

आणि एक जिवाची गोष्ट. थंडीत दारे-खिडक्या लावून आत निखाऱ्याची शेगडी किंवा घमेले ठेवून झोपू नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. ऊसतोडीच्या कोपीत, नव्या बाळंतिणीच्या खोलीत हे विशेष सांभाळा. धुराचेही तसेच. घरातल्या धुरामुळे 2020 साली जगात सुमारे 32 लाख माणसे गेली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या धुरापुढे रोज कोण बसते, हे वेगळे सांगायला नको.

सरकारने 1980 च्या दशकात निर्धूर चुली वाटल्या. 2002 मध्ये केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. अनेक घरांत चुलीचे धुरांडे कधीच पडले होते, कारण दुरुस्तीला कुणी नव्हते. चूल वाटून भागत नाही, ती दुरुस्त करणारा गवंडी गावात असावा लागतो. त्याच काळात पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी काढली. 2002 साली तिला इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे रानात जाळून टाकायची वस्तू चुलीला येऊ शकते. पणदरे भागातल्या ऊसवाल्या भावांनी पाचट पेटवण्याआधी जिरायती शेजाऱ्याला विचारावे.

शेवटी मागणीचे. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने आंबा, चिंच, जांभूळ, साग, खैर, मोह अशी सोळा झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, मग ती आपल्या बांधावर आपणच लावलेली का असेनात. तोडताना हात बांधलेले असले तर लावणार कोण? बांधावरचे झाड हे शेतकऱ्याचे पीक आहे, ते विकायची, तोडायची आणि पुन्हा लावायची मोकळीक त्याला हवी. ज्वारी काढायला परवाना लागत नाही, मग खैराला का?

तेव्हा इथून जाताना तीन कामे घेऊन जा. एक, आपल्या घरात महिन्याला किती मोळ्या येतात आणि किती तास जातात हे बाईला विचारून कागदावर लिहा. दोन, गावात अशी दहा घरे लिहून पुढच्या जिल्हा बैठकीला आणा. उत्पादन खर्चाच्या चर्चेत तो कागद आपण मांडू. तीन, पऱ्हाटी मृगाआधी संपवा. यातली दोन कामे पुरुषांची आहेत, आणि पहिले काम पुरुषांनी विचारल्याशिवाय होणार नाही.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आता मायबहिणींनी बोलावे. हिशेबात काही चुकले असेल तर त्यांनीच ते दुरुस्त करायचे आहे.