सावकाश जाऊ, पण सगळे जाऊ

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर, छायाचित्र-प्रदर्शनांच्या सहलीच्या तयारीसाठी बोलावलेल्या बैठकीत केलेले भाषण)



रौप्यमहोत्सवी वर्षात मुंबईला जाऊन छायाचित्रांची प्रदर्शने पाहायची, असं गेल्या बैठकीत ठरलं आणि नियोजन माझ्याकडे आलं. काम मी आनंदाने घेतलं, पण आधी एक कबुली द्यायची आहे. मागच्या सहलीचं नियोजनही माझंच होतं आणि ते साफ फसलं होतं.

तो रविवार होता. मेगाब्लॉक आहे का, हे मी पाहिलंच नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला पोचेपर्यंत सगळे घामाघूम. त्यात माझ्या कागदावर पाच ठिकाणं, प्रत्येकी चाळीस मिनिटं! बँकेत इन्स्पेक्शनचं वेळापत्रक करायचो, तसं केलं होतं. तिसऱ्या ठिकाणी सी विंगमधले काका पायरीवर बसले. म्हणाले, "तुम्ही या पाहून, मी थांबतो इथेच." आम्ही गेलो. तासाभराने आलो तेव्हा काका तिथेच, आणि ऊन त्यांच्यावर आलेलं.

रात्री ग्रुपवर सहलीचा फोटो पडला. सगळ्यांनी अंगठे दाखवले. काकांच्या नातीने तेवढं विचारलं, "आजोबा कुठे आहेत यात?" काका त्या फोटोत नव्हते आणि आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर काका कुठल्याही सहलीला आलेले नाहीत. मंडळी, आपल्या इमारतीच्या भूमिपूजनाचे जे फोटो ऑफिसात लावलेत, ते काकांच्याच कॅमेऱ्यातले. म्हणजे फोटोतलं ज्याला सगळ्यात जास्त कळतं, त्यालाच आपण बाहेर बसवून आलो.

म्हणून या वेळी नियोजन सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या पायाने करायचं. बाकीच्यांनी त्याच्याबरोबर चालायचं.

पहिलं, वार. रविवार नको, शनिवार. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धरायची. धिमी असली तरी चालेल, बसायला मिळतं. सकाळची कचेरीची गर्दी ओसरल्यावर निघू.

दुसरं, ठिकाणं. पाच नाहीत, दोनच. सीएसएमटीहून चौघा-चौघांनी टॅक्सी करून काळा घोडा, तिथली जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ साली सुरू झालेली ही गॅलरी सकाळी अकराला उघडते, प्रवेशाला पैसे नाहीत. छायाचित्रांसाठी वरची टेरेस गॅलरी. इथली प्रदर्शने साधारण आठवडाभराचीच असतात, तेव्हा कुणाचं काय लागलंय हे त्याच आठवड्यात फोन करून विचारायचं. ते काम ए विंगच्या वहिनींनी घेतलंय. मग जेवण. वीस माणसं एकदम कुठल्याही हॉटेलात मावत नाहीत, म्हणून जागा आधी सांगून ठेवायची. आणि तिथे स्वच्छतागृह आहे का, हे मेनू विचारायच्या आधी विचारायचं. दुपारी टॅक्सीने नरिमन पॉइंटला, एनसीपीएमधली पिरामल गॅलरी. तिथे छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. ते झालं की समोर समुद्र. कठड्यावर निवांत बसायचं आणि अंधाराच्या आत परतीची गाडी.

तिसरं, पैसे. वर्गणी आधी, पावती जागेवर, हिशेब दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर. जुनी सवय आहे, जात नाही!

आता पाहायचं कसं? काही जण म्हणाले, फोटो तर रोज मोबाईलवर शेकड्याने येतात, त्यासाठी मुंबईला कशाला? मोबाईलवर आपण फोटो बोटाने सरकवतो. भिंतीवरच्या फोटोपुढे उभं राहावं लागतं. सगळे पाहू नका. पाच निवडा. प्रत्येकापुढे पाच मिनिटं थांबा आणि स्वतःला विचारा, उजेड कुठून आलाय? फोटो काढणारा कुठे उभा होता? चौकटीबाहेर काय राहिलं असेल? जहांगीरमध्ये पुष्कळदा छायाचित्रकार स्वतः हजर असतात. त्यांना विचारायला लाजू नका. आणि परवानगी न विचारता मोबाईल काढू नका.

होमाई व्यारावाला हे नाव भगिनींनी लक्षात ठेवावं. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, शिकल्या मुंबईच्या जे. जे. मध्ये. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापून येत. पुढे त्यांनी पंतप्रधानांचे, परदेशी पाहुण्यांचे फोटो काढले, २०११ साली पद्मविभूषण मिळाला. पण सुरुवातीचे त्यांचे जे फोटो छापून आले, ते एका सहलीचे होते! साध्या माणसांची साधी सहल. तेव्हा आपली सहल फोटोच्या लायकीची नाही, असं समजू नका.

आपल्या सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या अल्बममध्ये सत्यनारायण आहे, झेंडावंदन आहे, हळदीकुंकू आहे. सगळे रांगेत उभे, हात जोडलेले. टँकरच्या दिवसांत बादल्या घेऊन उतरलेले आपण त्यात कुठेच नाही. सहलीहून आल्यावर प्रत्येकाने आपल्या आवारातला एक साधा, कुणाला उभं न करता काढलेला फोटो द्यावा. सोसायटीच्या हॉलमध्ये लावू.

शेवटचं सांगतो आणि बसतो. काल हा सगळा कागद घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला. मग एवढंच विचारलं, "टेरेस गॅलरीला पायऱ्या किती?"

मला सांगता आलं नाही. इतक्या वेळा गेलोय, पण कधी मोजल्याच नाहीत. म्हणून गुरुवारी मी एकटा जाऊन मोजून येणार आहे. लिफ्ट आहे का, मध्ये टेकायला जागा आहे का, तेही पाहून येतो. पायऱ्या जास्त निघाल्या, तर टेरेस गॅलरी रद्द आणि खालच्या दालनात जे असेल ते सगळे मिळून पाहू. नावं लिहायची वही ऑफिसात ठेवली आहे. पहिली ओळ काकांसाठी मोकळी आहे, दुसरीपासून लिहा.