दप्तरदारांचे गाऱ्हाणे

दप्तर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शाळेत निघालेले पोर उभे राहते. पण पेशवाईच्या पुण्यात दप्तर म्हणजे राज्याचे कागद, रुमालांत बांधून ठेवलेले. आणि त्यांची निगा राखणारा तो दप्तरदार. आजच्या कचेरीत त्याच्या जागेला आपण रेकॉर्ड रूम म्हणतो. जन्माचा दाखला, जमिनीचा जुना फेरफार, नोकरीतली पहिली ऑर्डर शोधायची वेळ आली म्हणजे तिथे खेटे घालतो. कागद मिळाला की त्या माणसाला विसरून जातो. मिळाला नाही, तर मात्र जन्मभर ध्यानात ठेवतो!

अशा माणसांनी एकत्र यावे, स्वतःची संस्था काढावी, पुढच्या दहा-वीस वर्षांचा आराखडा करावा आणि सरकारदरबारी जाऊन भांडावे, ही कल्पना आपल्याला जरा नवलाचीच वाटेल. अमेरिकेत तसे घडले. ते कसे घडले ते आज तुम्हांला सांगायचे आहे, कारण त्यात आपल्यालाही घेण्याजोगे पुष्कळ आहे.

गोष्ट एका आगीपासून सुरू करू. १० जानेवारी १९२१ च्या संध्याकाळी वॉशिंग्टनमध्ये व्यापार खात्याच्या इमारतीच्या तळघरात आग लागली. तिथे शिरगणतीचे कागद होते. बाकीच्या वर्षांचे बरेचसे कागद पक्क्या तिजोरीच्या खोलीत होते. १८९० सालचे मात्र बाहेर लाकडी फळ्यांवर रचलेले. त्या शिरगणतीत प्रथमच प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र कागद मिळाला होता. कोण कुठून आले, घर स्वतःचे की भाड्याचे, यादवी युद्धात कोणी लढले का, हे सारे त्यात टिपलेले. त्यांतले काही जळले, आणि आग विझवणाऱ्यांच्या पाण्याने त्याहून जास्त भिजले.

इथवर दैव म्हणू. पुढचा भाग दैवाचा नाही. भिजके कागद बारा वर्षे तसेच पडून राहिले. मग नको असलेल्या कागदांच्या एका यादीत त्यांचेही नाव गेले, ती यादी नेहमीच्या टेबलांवरून फिरली, आणि कोणीही ‘हे ठेवा’ असे लिहिले नाही. २१ फेब्रुवारी १९३३ रोजी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ते नष्ट करायला मंजुरी दिली. आणि गंमत पाहा, गंमत कसली, दुर्दैवच, आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय दप्तरखान्याच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली होती. त्या शिरगणतीत मोजली गेलेली माणसे सुमारे ६ कोटी २९ लाख. आज त्यांतल्या ६ हजारांच्या आसपास माणसांची नावे तेवढी कागदावर उरली आहेत.

ती कोनशिला तरी सुखासुखी बसली नव्हती. जे. फ्रँकलिन जेम्सन नावाचे एक इतिहासकार तिच्यासाठी वीस वर्षांहून अधिक काळ खटपट करीत होते. सिनेटरांना भेटायचे, पत्रे लिहायची, पुन्हा भेटायचे. सरकार बदलले की पहिल्यापासून सुरुवात. त्यांचा एक शहाणपणा मला मोठा वाटतो. इतिहासाच्या प्रेमासाठी इमारत बांधा, असे म्हणून भागणार नाही हे त्यांनी ओळखले होते. म्हणून पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेलाही त्यांनी आपल्या बाजूला वळवले. विद्वानाने दार ठोठावले तर ‘पाहू’ म्हणतात. निवृत्त सैनिकाने ठोठावले की मंत्री खुर्चीतून उठतो! इमारतीसाठी पैसे १९२६ साली मंजूर झाले आणि दप्तरखान्याचा कायदा १९३४ साली झाला.

डिसेंबर १९३६ मध्ये प्रॉव्हिडन्स या गावी तिथल्या दप्तरतज्ज्ञांनी आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिचे नाव ‘सोसायटी ऑफ अमेरिकन आर्किव्हिस्ट्स’. पहिले अध्यक्ष नॉर्थ कॅरोलिनाचे ए. आर. न्यूसम. १९३८ पासून तिचे त्रैमासिक निघू लागले. त्यात काय असे? कागद कसे लावावेत, कोणते ठेवावेत, कोणते टाकावेत, कसर आणि ओल यांना कसे आवरावे, असल्या गोष्टी. धंद्यातली माणसे जे बोलतात तेच. भांडणाचा सूर अजून लागला नव्हता.

तो पुढे लागला. १९४९ साली राष्ट्रीय दप्तरखाना सरकारच्या सर्वसाधारण सेवा खात्याखाली गेला. हे खाते इमारती, टेबल-खुर्च्या, मोटारी यांची व्यवस्था पाहणारे. राष्ट्राची स्मृती आणि कचेरीचे फर्निचर यांचा वरिष्ठ एकच! यात काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. सप्टेंबर १९७४ मध्ये ते दिसले. राजीनामा दिलेल्या निक्सन यांच्याशी त्या खात्याच्या प्रमुखाने परस्पर करार केला. त्यात वॉटरगेट प्रकरणातल्या ध्वनिफितींची मालकी निक्सन यांच्याकडे राहणार होती आणि त्या पुढे नष्ट करण्याचीही सोय होती. काँग्रेसला त्याच वर्षी डिसेंबरात कायदा करून तो करार मोडीत काढावा लागला.

त्याच्या आदल्या वर्षी, १२ जुलै १९७३ रोजी, सेंट लुईसजवळच्या लष्करी नोंदींच्या इमारतीला आग लागली होती. आग पूर्ण विझली असे जाहीर करायला १६ तारीख उजाडली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात पायदळातून निवृत्त झालेल्यांपैकी शंभरातल्या ऐंशी जणांचे कागद त्यांत होते. नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रे काढलेली नव्हती. फायलींच्या मजल्यांवर पाण्याचे फवारेसुद्धा नव्हते, कारण पाण्याने कागद बिघडतील, असे इमारत बांधताना काही जाणत्यांचे मत पडले होते. नॉर्मंडीत किंवा कोरियात लढलेल्या माणसाने पेन्शन मागितली, दवाखान्यात खाट मागितली, तर तो लढला याचा पुरावा काय? पगाराच्या पावत्या, इस्पितळांच्या नोंदी, जिथून जे मिळेल ते गोळा करून तिथल्या कारकुनांनी माणसामागून माणूस पुन्हा उभा केला. ओले कागद तर एका विमान कारखान्यातल्या निर्वात कोठीत नेऊन वाळवले. ते काम आजही संपलेले नाही. जळक्या कडांची पाने वेगळ्या थंड खोलीत ठेवली आहेत आणि कोणी मागणी केली म्हणजे हळूच उघडली जातात.

दप्तरखाना स्वतंत्र करा, ही मागणी संस्थेने लावून धरली. एकटीने नव्हे. इतिहासकारांच्या संस्था सोबत आल्या आणि घराण्यांच्या वंशावळी शोधणारी साधी माणसेही आली. ही शेवटची मंडळी मला फार महत्त्वाची वाटतात. ती गावोगाव असतात, आणि प्रत्येकाचा एक प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असतोच. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली आणि १ एप्रिल १९८५ पासून दप्तरखाना स्वतंत्र झाला. म्हणजे पस्तीस वर्षांनी.

त्याच सुमारास या संस्थेने एक धाडस केले. ज्यांच्या हातांत पैशाच्या किल्ल्या, त्या वरिष्ठांना आमच्याविषयी काय वाटते, याची तिने समाजशास्त्रज्ञांकडून चौकशी करवली. १९८४ सालच्या त्या अहवालाचा सार थोडक्यात असा : माणसे चांगली, अभ्यासू, शांत, पण वजन नाही. आहे त्यात समाधानी दिसतात, मग अधिक द्यायचे कशाला? आपल्या स्तुतीतच आपल्या उपेक्षेचे कारण दडलेले आहे, हे ऐकून घ्यायला छाती लागते. संस्थेने ते नुसते ऐकले नाही, छापले. १९८६ साली तिने व्यवसायाच्या पुढच्या वाटचालीचा आराखडाही प्रसिद्ध केला. कोणते कागद जपायचे ते ठरवणे, दप्तरखान्यांचा कारभार नीट चालवणे आणि लोकांनी त्या कागदांचा वापर करावा म्हणून झटणे, ही कामे त्यात मांडलेली होती. तिसरे काम पहिल्या दोहोंच्या पंगतीला बसवले, ही त्यातली नवी गोष्ट.

आपल्याकडे याची आठवण का काढायची? पेशवे दप्तर पुण्यात होते, पण कित्येक वर्षे संशोधकांना त्याचे दार सहसा उघडत नसे. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते बऱ्याच खटपटीनंतर. पण आपली ओरड बहुधा इतिहासाच्या कागदांपुरतीच राहिली. शेतकऱ्याचा फेरफार, धरणात गेलेल्या गावाची नोंद, गिरणी कामगाराचे हजेरीपत्रक, यांच्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे मी ऐकलेले नाही. यांच्याविना ज्याचे अडते, तो एकेकटा खिडकीपाशी उभा राहतो आणि एकेकटाच परत जातो.

कायदे मात्र आहेत, बरे का. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ सालचा आणि महाराष्ट्राचा २००५ सालचा. कागद ठरल्या रीतीवाचून नष्ट करता येत नाहीत, आणि केंद्राच्या कायद्यात अशा गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. कागद निर्माण करणाऱ्या प्रत्येक कचेरीने एक अभिलेख अधिकारी नेमायचा असतो. पुढच्या खेपेला दाखल्यासाठी कचेरीत गेलात, तर तो कोण आहे आणि कुठे बसतो, एवढे खिडकीवर विचारून पाहा.