छायाचित्रांची नोंदवही

एकच छायाचित्रसंग्रह फोन व संगणक या दोहोंवर राखावयाचा, तर प्रत्येक यंत्रांत चित्रांची नोंदवही लागते. तींत चित्राची ओळख नांवावरून नव्हे, तर मूळ फाईलवरून 'शा-२५६' या रीतीनें काढलेल्या ६४ चिन्हांच्या ठशावरून ठरवावी. कारण दोन कॅमेरे भिन्न चित्रांस एकच नांव देऊं शकतात.

आतां समजा, एक चित्र संगणकांत आहे, फोनांत नाहीं. तें तेथून पुसलें, कीं अद्याप पोंचलेंच नाहीं? तर्क चुकला तर पुसलेलें चित्र परत येईल, अथवा एकमेव प्रत कायमची नष्ट होईल. म्हणून चित्र पुसलें तरी त्याची ओळ खोडूं नये. तिजपुढें 'पुसलें' असा शेरा मारावा. हा शेरा सर्व यंत्रांस पोंचल्यावरच ती ओळ काढावी.