उभ्या झाडाचा भाव



उद्योजक, बँका, वन खाते आणि जमीनमालक यांची ही परिषद देवरुखात का, हे यजमान म्हणून मी सांगायला हवे. गडचिरोलीत जंगल म्हटले की वन खाते आठवते, आमच्याकडे सातबारा आठवतो. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन नावापुरतेच आहे. उतारावर दिसणारी झाडी बहुतेक खासगी मालकीची. एका सातबारावर वीस-वीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत. दिवाळी सरली की ठेकेदार दारात येतो, रायवळ जंगलाचा उक्ता सौदा करतो आणि रोख पैसे मोजतो. पुढे लाकडाचे ट्रक आंबा घाट चढू लागतात.

आमच्या घरचा डोंगर असाच गेला. थोरल्या काकांच्या आजारपणाला पैसे हवे होते. ऐन, किंजळ, जांभूळ, चार दिवसांत सगळे आडवे झाले. कटरचा आवाज थांबला त्या रात्री काका पडवीत बसून राहिले, जेवले नाहीत. म्हणून ‘गावकऱ्यांना जंगलाची किंमत नाही’ असे कोणी म्हटले की मला ते सोसत नाही. किंमत आहे. पण अडीअडचणीला ती मोजून देणारा एकच माणूस येतो, आणि त्याला झाड आडवेच हवे असते.

झाड उभे ठेवण्यासाठी पैसे मोजणारे कोणी असू शकते का? आहे. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशनने याच संगमेश्वर तालुक्यात मालकांना मोबदला देऊन जंगल न तोडण्याचे करार केले. सह्याद्रीतल्या हिरड्या-बेहड्याच्या फळांना, ती शाश्वत पद्धतीने गोळा केल्याचे, फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळाले आणि इंग्लंडच्या पुक्का हर्ब्ज कंपनीने ती विकत घेतली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून फटीतून फळे भरवतो. तो बेहडा सरपणाच्या भावात एकदाच विकला जातो. उभा राहिला तर दरवर्षी फळ देतो.

गुंतवणूकदारांना माझी विनंती आहे. केंद्राने 2023 मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम आणले, तेव्हापासून कार्बनची आणि क्रेडिटची चौकशी घेऊन बरेच जण येतात. जरूर या. पण कातळसडे मोकळे दिसतात म्हणून तिथे खड्डे खणू नका. पावसाळ्यात तिथे फुलणारे गवत आणि फुले हीच त्या जागेची संपत्ती आहे. तोडलेल्या डोंगरावर तर बहुतेक ठिकाणी रोपे लावायचीही गरज नसते. ऐन-किंजळाच्या खुंटांना आपसूक धुमारे फुटतात. त्यांना पंधरा-वीस वर्षे वणवा आणि कोयता लागू द्यायचा नाही, एवढेच काम. पैसा त्या वर्षांसाठी हवा आहे: राखणीला, वणव्याच्या जाळरेषांना, आणि प्रत्येक हिस्सेदाराच्या खात्यात दरवर्षी ठरल्या तारखेला. करार मराठीत असावा. मुंबईतल्या हिस्सेदाराइतकीच गावात राहून वणवा विझवणाऱ्याची सही त्यावर असावी.

उद्या सकाळी सहाला अशाच एका ढोलीच्या बेहड्याकडे गाड्या निघतील. तो आपल्याला लांबूनच पाहायचा आहे. त्या जमिनीचे अकरा हिस्सेदार तिथे थांबलेले असतील. त्यांनी अजून कोणाशीही सौदा केलेला नाही. त्यांच्याशी आधी बोला.