कुंपणावरची कांडवेल

अलिबाग-श्रीवर्धनकडे कुंपणावर चौधारी कांड्यांची वेल दिसते ना, तीच कांडवेल, म्हणजे हाडजोड. कांडं मोडलं की हात खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. हे कॅल्शियम अंगी फारसं लागत नाही! वेलीतली इतर द्रव्यं हाडं बांधणाऱ्या पेशींना चालना देतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. माणसांवरचा पुरावा अजून तोकडाच. बायकांना तर हाडांची काळजी जास्तच, कारण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाडं झपाट्याने ठिसूळ होतात. सोयाबीनमधली आयसोफ्लॅव्होन त्या संप्रेरकाची थोडी नक्कल करतात, पण त्यांच्या भरवशावर डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका. नाचणीची भाकरी मात्र रोज खुशाल खा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. वर सुका जवळा असेल तर विचारूच नका.