दुसरा आवाज

(विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



महाविद्यालयीन तरुण घोळक्यात शिरला की त्याचा विवेक नाहीसा होतो, असे मानण्याची प्रथा आहे. वसतिगृहात रॅगिंगचा प्रकार उघडकीस आला की ‘झुंडीचे मानसशास्त्र’ असा शेरा मारला जातो आणि विचार तेथेच थांबतो. ही समजूत तपासून घेणे अगत्याचे आहे.

वॉर्सा येथे जन्मलेले मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश १९२० साली अमेरिकेत गेले. १९५० नंतरच्या त्यांच्या गाजलेल्या प्रयोगांत महाविद्यालयीन विद्यार्थीच होते. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; पहिलीएवढी कोणती, एवढेच सांगायचे. खोलीतील एक सोडून बाकी सारे आधी पढवलेले. ठरलेल्या फेऱ्यांत ते एकमुखाने चुकीची रेघ सांगत. एरवी क्वचितच चुकणारे विद्यार्थी या फेऱ्यांत सुमारे ३७ टक्के वेळा बहुमताच्या चुकीला मान डोलावू लागले. सुमारे चौथा हिस्सा मात्र एकदाही वाकला नाही. प्रयोगाची गोष्ट सांगणारे हे सहसा गाळतात.

खरे मर्म पुढेच आहे. पढवलेल्यांपैकी एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी चुकांचे प्रमाण चौथाईवर येई. उत्तर गुपचूप कागदावर लिहू दिले, तरीही ते बरेच घटे. म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांना रेघ नीट दिसत होती. अडत होती ती जीभ.

वसतिगृहातही याहून निराळे घडत नाही. नव्या मुलाचा छळ पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो मनातून नकोच असतो. पण शेजारच्याचे मौन प्रत्येकाला संमतीसारखे वाटते. शिवाय ॲशच्या खोलीत वेगळे बोलणाऱ्याची खानावळ तुटत नव्हती. शेतमजुराच्या घरून आलेल्या दलित वा आदिवासी मुलाला खोली, जुन्या वह्या, प्रात्यक्षिकातील मदत या सगळ्यांसाठी वरच्या वर्गांकडे पाहावे लागते. त्याच्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणणे हा सुस्थितांचा उद्दामपणा होय.

महाराष्ट्राने १९९९ साली रॅगिंगविरोधी कायदा केला. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत तर अपराधी ओळखता आले नाहीत, तर सामुदायिक शिक्षेची तरतूद आहे. हेतू चांगला, परिणाम उलटा होण्याची भीती मोठी. जो फोडायचा तोच घोळका अशा शिक्षेने सांधला जातो आणि बोलू पाहणाराही अपराध्यांच्या ओळीत उभा राहतो.

(समाजवादी संघटनांनीही आपले ‘एकमताने मंजूर’ झालेले ठराव या दृष्टीने एकदा चाळावेत. हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या वाटल्या असत्या, तर त्यांतले किती एकमताने झाले असते?)

प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच युवक शाखांनी वसतिगृहांत जावे. नव्या मुलांची नावनिशी घ्यावी, तक्रार लेखी आणि गुप्तपणे स्वीकारण्याची व्यवस्था लावावी, आणि प्रत्येक मजल्यावर आपले साथी ठेवावेत. एक नव्हे, दोन.