भिंतींतील वळणें

वरच्या मजल्यावरील नळाची धार बारीक झाली कीं लोक पंपास दोष देतात. भिंतींत दडलेल्या वळणांची कोणास आठवण होत नाहीं. वळतांना पाणी आंतल्या कडेपासून सुटतें, भोंवरे उठतात आणि दाबाचा कांहीं अंश त्यांतच जिरतो. हा क्षय सरळ नळाच्या लांबींत मोजण्याची रीत आहे. अर्ध्या इंची नळावरील काटकोनी एल्बो सुमारें १५ इंच सरळ नळाइतका दाब खातो. पूर्ण उघडलेला ग्लोब व्हॉल्व्ह मात्र सुमारें १४ फूट! दहा एल्बोंहूनहि हा एकटा भारी. मोठा पंप बसवून पाण्याचा वेग दुप्पट करावा, तर हाच क्षय चौपट होतो. खर्चाच्या मानानें धार वाढत नाहीं. जेथें केवळ उघडझाप करावयाची, तेथें गेट व्हॉल्व्ह बसवावा. त्याचा क्षय अवघ्या ४ इंचांचा.